टाक्याची भेग

दिवाळी झाली, पहाटे गार वारा सुटायला लागला आणि मला भीती वाटायला लागली. बायको गेल्यानंतरची ही पहिली थंडी. माझ्यासाठी भ्यायचं काही कारण नव्हतं. दोन गोधड्या आहेत, स्वेटर आहे, चहा करता येतो. भीती वाटत होती ती मागच्या टाक्याची.

घराच्या मागे, न्हाणीची भिंत आणि शेजाऱ्यांचं बदामाचं झाड यांच्या मधे, पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद सिमेंटचं टाकं आहे. विटा मी लावल्या, प्लास्टर मी केलं. आतलं सगळं तिचं. सात मासे, सहा लाल आणि एक काळा. तळाशी घमेल्यात लावलेलं एक कमळ. सक्करदऱ्याच्या तलावापाशी एक म्हातारा शिंगाडे विकतो, त्याच्याकडून तिनं कमळाचा कंद आणला होता. फूल आलं की पौर्णिमेला ती ते बुद्धविहारात न्यायची आणि जाता जाता सगळ्यांना सांगायची की घरचं आहे. मला माशांतलं काही कळत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलो, मग विटा उचलायला लागलो, पुढे मिस्त्री झालो. जे हाताला लागतं आणि जागेवर राहतं तेवढंच मला कळतं. मासा एका जागी राहत नाही.

ती जून लागायच्या आत गेली. छातीचं दुखणं होतं, श्वास पुरत नव्हता. त्यानंतर पावसाळाभर टाक्यानं मला त्रास दिला नाही. वरून पाऊस पाणी देत होता, मी सकाळी चिमूटभर दाणे टाकत होतो, मासे खात होते. दसरा झाला, धम्मदीक्षेच्या दिवसासाठी आलेले बाहेरगावचे लोक आपापल्या गावी परतले, रस्ते मोकळे झाले. कमळाची पानं कडेनं पिवळी पडायला लागली आणि मला आठवलं की आता तिची कामं सुरू व्हायची.

विहारातला पावसाळ्याचा वर्षावास संपला की ती टाक्याच्या मागे लागायची. मी ते दरवर्षी पाहिलं आहे. पण पाहिलं म्हणजे काय, खाटेवर बसून, चहा पीत, अर्धं लक्ष रेडिओकडे ठेवून पाहिलं. ती कमळाचे वाळलेले दांडे कापायची, पण मुळापासून नाही, पाण्याच्या वर चार बोटं ठेवून. काहून ठेवायची ते मी विचारलं नाही. माशांचं खाणं कमी करायची, मग जवळपास बंदच. उन्हाळा संपल्यावर कुलरच्या खसच्या ताट्या आपण फेकून देतो, त्या ती जपून ठेवायची आणि थंडीत टाक्याच्या अर्ध्या तोंडावर आडव्या टाकायची. आणि पाणी काठोकाठ भरायची. उथळ पाणी लवकर गारठते, म्हणायची. हे एक वाक्य मला पक्कं आठवत होतं, कारण दरवर्षी ड्रम उचलून टाक्यात ओतायला तिला मी लागायचो.

बाकी काय काय करायची, कोणत्या क्रमानं करायची, ते आठवेना. मी रोज सकाळी टाक्यापाशी उभा राहून डोकं खाजवायचो. सात मोजून झाले की घरात यायचो. दुपारी पुन्हा जाऊन मोजायचो.

पोरगी मौद्याला असते, जावयाची नोकरी तिकडे आहे. ती रोज सकाळी फोन करते. तिचं म्हणणं होतं की टाकं बुजवून टाका, मासे कोणाला देऊन टाका, तिथल्या शेवाळावरून पाय घसरला तर तुम्हाला उचलायला कोण आहे. तिचं काही चुकलं नव्हतं. पण वर ती असंही बोलून गेली की आईचं होतं ते आई होती तोवर. दोन दिवस मी तिचा फोन उचलला नाही. सरळ सांगायचं तर माझ्या डोक्यात असं बसलं होतं की हे मासे थंडीत मेले, तर बायको माझ्या हातून दुसऱ्यांदा जाणार. हे मी कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर लोक म्हणाले असते, म्हातारा सरकला.

तेवढ्यात पाणी उतरायला लागलं. रोज दोन बोटं. मी भरायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. टाक्याच्या तळाला, कोपऱ्यात, एक जुनी भेग आहे. बायको दरवर्षी त्या भेगेत तलावाची काळी माती मळून दाबायची. मला ते आवडायचं नाही.

"मिस्त्रीच्या घरचं टाकं गळते म्हणतात लोक," मी म्हणायचो. "एक घमेलं माल लावून देतो वं, एका दिवसाचं काम आहे."

"तुमचं सिमेंट तुमच्या साइटवर ठेवा जी," ती म्हणायची. "माझ्या मासोळ्यायले नको."

मला वाटायचं चिडवून राहिली. तिला चिडवायची सवय होती. काहून नको, हे मी एकदाही विचारलं नाही.

आता माती सुटली होती आणि थंडी तोंडावर होती. टाकं भरलेलं राहिलं नाही तर मासे गारठतील, एवढंच डोक्यात. तलावाची माती आणावी, मळावी, हे मला येत नव्हतं. सिमेंट येत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची टाकी बांधली, त्यातलं एकही गळालं नाही. म्हटलं, बाई, तुझ्यासाठी एवढं तरी नीट करतो.

मासे काढून टबमध्ये ठेवले, त्यांच्याच जुन्या पाण्यात. कमळाचं घमेलं उचलून बाहेर काढलं, दांडे पाण्याच्या खुणेवर चार बोटं ठेवून कापले. टाकं बालदीनं उपसलं, पाणी वांग्यांना आणि उरलेलं नालीत. आत बदामाच्या कुजक्या पानांचा थर होता, तो खरडून फेकला. भिंतींना हिरवी साय धरली होती, ती तारेच्या ब्रशनं घासून काढली. कोणाच्या नव्या बंगल्याचं टाकं देताना घासतो तसं घासलं. मग भेग छिन्नीनं रुंद केली, माल कालवला, दाबून भरला, गिलावा गुळगुळीत करून वरून कोरडं सिमेंट घोटलं. रात्रभर राहू दिलं. सकाळी टाकं भरून टाकलं.

माझ्या धंद्यात ताज्या सिमेंटला पाण्याइतकं चांगलं काही नाही. स्लॅब टाकला की त्यावर आळी बांधून पाणी उभं करतात, पंधरा पंधरा दिवस. पाण्यात जितकं राहील तितकं पक्कं होतं. हे कोणत्याही मजुराला विचारा. नळाचं पाणी दोन दिवस उन्हात ठेवून मगच माशांना द्यायचं, हेही मला माहीत होतं, म्हणून चार ड्रम आधीच भरून ठेवले होते. सगळं बरोबर केलं असं वाटलं. कमळ जागेवर ठेवलं, टबमधलं जुनं पाणी झाडांना घातलं आणि मासे सोडले. टाकं काठोकाठ भरलेलं, पाणी इतकं स्वच्छ की तळाचा गिलावा दिसत होता. त्या दिवशी मी पोरीला स्वतःहून फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटी उचलली. दोन लाल मासे आडवे तरंगत होते. बाकीचे पाच वर आले होते, कोपऱ्यात, पाण्याला तोंड लावून. तोंड उघडत होते, मिटत होते, उघडत होते. अंगावर पांढरट बुळबुळीत पापुद्रा आला होता.

ते तोंड मी पाहिलेलं होतं. मे महिन्यात ती खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून अशीच बसली होती, तोंड उघडं, खांदे वर खाली. मी म्हणालो, कुलरची हवा बाधली, काढा घे. तीन दिवस मी काढा देत राहिलो. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, इतके दिवस काय करून राहिले होते.

मी मेलेले दोन मासे हातानं बाहेर काढले. बोटांच्या भेगा चुरचुरल्या. मिस्त्रीचे हात नेहमीच चुरचुरतात, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

पोरीला फोन लावला. तिनं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं की पाण्यात हवा कमी असेल, मग्गा उंच धरून पाणी वरून ओतत राहा. मी ओतत राहिलो. कंबर भरून आली, बाही भिजली, हात काकडले. तोंडं उघडतच होती. तिसरा मासा माझ्या डोळ्यांपुढे एका अंगावर कलला. मग मग्गा टाकला, दोन रिकाम्या कॅन घेतल्या आणि ऑटो करून सक्करदऱ्याला गेलो. आता काढा देत बसायचं नव्हतं.

शिंगाडेवाला म्हातारा ठेला लावून बसला होता. त्यानं मला ओळखलं. ती गेल्याचं त्याला ठाऊक होतं. मी श्वास घेत घेत सगळं सांगितलं. तो सुरीनं शिंगाडे सोलत ऐकत होता.

"टाक्यात नवीन काही केलं का गा?" त्यानं विचारलं.

"भेग बुजवली."

"कायनं?"

"सिमेंटनं."

"कधी?"

"परवा."

त्यानं सुरी खाली ठेवली. "मिस्त्री," तो म्हणाला, "तुले भिंत वाचवाची होती का मासे?"

मग त्यानं समजावून सांगितलं. नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं. माणसाच्या हाताला तो नुसता चावतो, माशाच्या कल्ल्याला जाळतो. नवं टाकं असेल तर त्यात केळीचे खांब तुकडे करून टाकायचे, शेण टाकायचं, सडू द्यायचं, पाणी फेकायचं, पुन्हा भरायचं, असं तीनदा. मग कुठे मासा. आणि भिंतीवरची हिरवी साय काढायची नाही, बदामाचं पान पडलं तर पडू द्यायचं, त्यानं चुना मरतो. हे सगळं त्यानं तिला चौदा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हा मी टाकं बांधून कळमेश्वरला एका कारखान्याच्या कामावर गेलो होतो, पंधरा पंधरा दिवस घरी येत नव्हतो. एकदा आलो तर टाक्यात केळीचे खांब तरंगत होते. मी विचारलं होतं, हे काय वं, मासे आणतो म्हणाली आन् केळी पेरली का. ती हसली होती. मीही हसलो होतो आणि जेवायला बसलो होतो.

"तिनं तीन येळा येऊन विचारलं," म्हातारा म्हणाला. "तुयाकून एक येळा नाही झालं."

तो उठला, माझ्या हातातल्या कॅन घेतल्या आणि पायऱ्या उतरून तलावाचं पाणी भरून आणलं, हिरवं, गढूळ. मी म्हटलं, हे तर घाण पाणी आहे. तो म्हणाला, घाणीत मासे जगून राहिले गा, तुया सिमेंटात मरून राहिले. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, वरून ओंजळभर शिंगाडे खिशात कोंबले.

घरी आलो तेव्हा चार जिवंत होते, तीन लाल आणि तो काळा. ड्रममध्ये तलावाचं पाणी ओतलं, मासे त्यात टाकले, ड्रम ढकलत ढकलत समोरच्या खोलीत आणला, जिथे तिची खाट असायची. संध्याकाळपर्यंत मी बाजूला खुर्ची टाकून बसलो. अंधार पडायच्या सुमाराला त्यांची तोंडं मिटली. ते खाली गेले. खाली गेले म्हणजे बरे झाले की मेले, हेसुद्धा मला कळेना. मेलेला मासा वर येतो, हे आठवायला मला बराच वेळ लागला.

मेलेले तीन बदामाखाली पुरले.

तिथून पुढे तीन आठवडे माझं एकच काम. केळीवाल्याकडून खांब आणायचे, कोयत्यानं तुकडे करायचे, गवळ्याकडून शेण आणायचं, टाक्यात टाकायचं. आठवड्यानं सगळं उपसायचं आणि पुन्हा भरायचं. वास सुटला. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "भाऊजी, टाकं होय का गोठा होय?" मी म्हटलं, दोन्ही होय वैनी, तुमच्या बदामाची पानं झाडाल तर इकडे फेका. तिला वाटलं मी टोमणा मारला. दुसऱ्या दिवशी खरंच एक पोतं भरून पानं माझ्या दारात होती, आणि त्यावर ती दोन दिवस बोलली नाही.

थंडी वाढली. दारं लावून बसलो तरी फरशी पायाला चावायची. ड्रमवर गोणपाट गुंडाळलं होतं. सकाळी उठलो की आधी चूळही भरायचो नाही, झाकणावर हात ठेवून उभा राहायचो. उचलायची हिंमत होत नव्हती. एक दिवस झाकणावर हात ठेवून मी इतका वेळ उभा होतो की फोन दोनदा वाजून बंद झाला आणि घाबरून पोरीनं शेजारणीला पाठवलं. चार होते. रोज चार होते. पण रोज भीती तेवढीच. उलट वाढायची. सात असताना दोन गेले तर पाच उरत होते. चारातून कितीसे जाऊ द्यायचे.

तिसरं पाणी उपसून झालं, टाकं नुसत्या पाण्यानं धुतलं, ब्रश लावला नाही. पुन्हा काठोकाठ भरलं, शेजारणीची बदामाची पानं टाकली. पाणी चहासारखं तांबूस झालं. मी तलावावर जाऊन म्हाताऱ्याला सांगून आलो. तो म्हणाला, सगळे एकदम नको सोडू. आधी एक सोड. दिवस मावळेपर्यंत तो टिकला तर बाकीचे.

एक. कोणता एक?

दोन दिवस मी ड्रमपाशी बसून हेच पाहत होतो. रविवारी पोरगी आली. तिला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, दुकानातून एक गप्पी आणा ना, दहा रुपयाची. तिले सोडून पाहा."

"आन् ती मेली तर?"

"तर आपले वाचतील."

"चूक मी केली, ती काहून मरन?" मी म्हटलं. मग उठून तिनं ड्रमचं गोणपाट घट्ट बांधलं, माझ्यासाठी चार दिवस पुरेल अशी भाजी केली आणि बसनं परत गेली. टाकं बुजवा म्हणाली नाही.

साइटवर नवी परांची बांधली की तिच्यावर पहिला मी चढायचो. मजुराला आधी चढवणारे मिस्त्री मी पाहिले आहेत, त्यांच्यासोबत मी काम केलं नाही. सोमवारी सकाळी मी बाही वर केली आणि टाक्यात कोपरापर्यंत हात घातला. हात आखडला, हाड दुखायला लागलं. काढला नाही. तळाच्या गिलाव्यावर बोटं फिरवली. सिमेंटचं पाणी बोटांना साबणासारखं लागतं, आणि भेगांना झोंबतं. मी मोजत राहिलो, पाचशेपर्यंत. थंडीनं बोटं बधिर झाली. बधिर बोटांना काय कळणार, म्हणून हात बाहेर काढला, काखेत धरून गरम केला, पुन्हा घातला. असं तीनदा. बुळबुळ लागली नाही. झोंबलं नाही. चौथ्यांदा डावा हात घातला, त्याच्या भेगा जास्त खोल आहेत.

मग ड्रममधून काळा काढला. तो आडदांड होता, त्या दिवशी ड्रममध्ये खाली गेला तोही सगळ्यांत आधी. जाळीतून तो माझ्या हातावर आला तेव्हा त्याच्या अंगात जोर होता. मी हात पाण्यात धरला आणि उघडला. तो कमळाच्या घमेल्याकडे गेला आणि बदामाच्या पानांखाली दिसेनासा झाला.

मी पाटावर बसलो. पाण्याकडे पाहत होतो. कमळाचे चार दांडे पाण्यावर उभे होते. दुसरं काही नाही. ऊन भिंतीवरून उतरून पाण्यावर आलं. दुपारी एकदा तांबूस पाण्यातून काळी पाठ वर येताना दिसली. तो अगदी वर आला, उन्हाच्या तुकड्यात. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. तोंड मिटलेलं होतं. तो तसाच उन्हात थांबला, थोडा कलून वळला आणि खाली गेला.

दिवस मावळला तेव्हा पुन्हा एकदा दिसला. मी ताट्या टाकल्या आणि पोरीला फोन लावला.

"सोडला," मी म्हटलं.

"मग?"

"आहे."

मग तिनं विचारलं, बाकीचे तीन कधी.

"उद्या," मी म्हटलं. "आधी पुन्हा हात घालून पाहीन, मंग."